उरलेल्या वर्षांचा चारा

आणलेली गाय जगणार का, हे पहिल्या दिवशी डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. ताप बघतात, पापणी खाली ओढून आतला रंग बघतात. मग डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळगीत, मूठ दाबून धरतात आणि घड्याळाकडे बघत उभे राहतात. धडधाकट गाईचं पोट दोन मिनिटांत साधारण तीनदा हलतं, आतून मुठीला ढकलतं. आजारी गाईचं पोट गप्प असतं. औषधं देऊन झाली की मग आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघतो, ती रवंथ कधी करते. दिवसाचे सात-आठ तास गाय रवंथ करते. भ्यायलेली, दुखऱ्या पायांची, तापाने फणफणलेली गाय करत नाही. रात्री कधीतरी गोठ्यावरच्या आबांचा फोन येतो, "ताई, रवंथ चालू झाली." त्यानंतर मला झोप लागते.

आमची जागा चोपडा तालुक्यात आहे, तापीच्या उत्तरेला. सातपुडा इथून निळसर दिसतो आणि पावसाळ्यात अगदी जवळ आल्यासारखा वाटतो. निंबाची जुनी झाडं, पत्र्याचे दोन लांब गोठे, आजारी जनावरांसाठी वेगळा वाळूचा ओटा, पाण्याचे हौद आणि कडबाकुट्टीचं मशीन, एवढाच पसारा. कोणी याला गोशाळा म्हणतं, कोणी पांजरपोळ. आम्ही दूध विकत नाही, जनावरं वाढवत नाही. ज्यांना कोणी ठेवून घेत नाही अशी जनावरं इथे शेवटपर्यंत राहतात.

असं काम आपल्याकडे नवं नाही. मुंबईचं पांजरपोळ १८३४ सालचं आहे, आणि खानदेशातही व्यापारी पेठांनी पांजरपोळं चालवली. तिकडे अमेरिकेत शेतातल्या जनावरांसाठी अशी आश्रयस्थानं १९८६ नंतर उभी राहू लागली. त्यातलं पहिलं नावाजलेलं सुरू झालं ते एका मेंढीमुळे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जनावरांच्या बाजारामागे मेलेल्या जनावरांचा ढीग होता, त्यात ती जिवंत सापडली. तिचं नाव हिल्डा ठेवलं, आणि पुढे ती दहा वर्षांहून जास्त जगली. मला त्या गोष्टीतला ढिगाऱ्याचा भाग जितका हलवतो त्यापेक्षा ती दहा वर्षं जास्त विचारात पाडतात. ढिगातून उचलायला एक दुपार लागली असेल. दहा वर्षं मात्र कोणीतरी रोज उठून तिला चारा टाकला, खुरं कापली, जंताचं औषध पाजलं. आपल्याकडे गाईचा प्रश्न निघाला की सगळं बोलणं त्या एका दुपारीपाशी थांबतं. गाडी अडवली, गाय उतरवली, फोटो काढला. तिथून पुढे गाय पंधरा-वीस वर्षं जगू शकते, आणि त्यातला प्रत्येक दिवस कोणाच्या तरी अंगावर पडतो.

गाडीतून उतरवलेल्या गाईची अवस्था सांगते. दाटीवाटीने भरलेल्या गाडीत एक खाली बसली की तिच्यावर दुसरीचे पाय पडतात. चढवताना शेपूट पिरगाळलेली असते, त्यामुळे कित्येकींच्या शेपटीचा मणका मोडलेला असतो. अशी शेपूट पुढे माश्या हाकलायच्या कामाची राहत नाही, आणि माश्या हाकलता न येणं खानदेशच्या पावसाळ्यात फार मोठं दुःख आहे. उतरवतानाही घाई करून चालत नाही. गाईला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण खोली नीट कळत नाही. उताराची फळी आणि तिच्यावर पडलेली सावली तिला खड्ड्यासारखी वाटते, म्हणून ती अडते. लोकांना वाटतं हट्टी आहे. फळीवर भुसा टाकला, दिवा तिच्या डोळ्यांवरून काढून जमिनीवर धरला आणि आरडाओरडा करणारी माणसं मागे नेली, की बहुतेक गाई आपणहून उतरतात.

पोलिसांनी जप्त केलेली गाय आमच्याकडे येते तेव्हा कागदावर ती मुद्देमाल असते. खटला संपेपर्यंत ती आमच्याकडे सांभाळायला असते. २०१७ साली केंद्राने अशा जनावरांच्या देखभालीचे नियम केले. संगोपनाचा खर्च आरोपीकडून, गाडीमालकाकडून वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. तो खर्च हातात येईपर्यंत कडब्याचं बिल थांबत नाही. तारखा पडत राहतात, गाय खात राहते. कालवड म्हणून आलेली मुद्देमाल जनावरं इथे मोठी झालेली मी पाहिली आहेत.

बसलेली गाय उठवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. साडेतीनशे किलोचं शरीर एका कुशीवर पडून राहिलं की खालच्या पायाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, नसा दबतात. मूळ आजार बरा झाला तरी पाय उभे राहत नाहीत. म्हणून दर चार तासांनी कूस बदलावी लागते. दिवसा माणसं असतात, रात्री आबा आणि त्यांचा मुलगा. दोघे पुढचे पाय दुमडून घेतात, मी डोकं धरते, एकजण मागून लोटतो. छातीवर बसती राहावी म्हणून दोन्ही बाजूंनी भुशाची पोती लावतो, कारण पूर्ण आडवी पडली की पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि भकाळी फुगते. खाली वाळू किंवा कडब्याचा जाड थर हवा. सिमेंटवर हाडाच्या जागा सोलून निघतात. थोडी ताकद आली की लोखंडी घोड्याला चेनपुली लावून, पोटाखाली रुंद पट्टा घालून दिवसातून दोनदा उभं करायचं. पहिल्या वेळी पाय लोंबतात, मग थरथरतात. एका तांबड्या निमाडी गाईच्या बाबतीत मी मनातून आशा सोडली होती. आबा पट्टा आवळता आवळता म्हणाले, "तिनामा जीव शे आजून, ताई." त्यांनी तिच्या कानाला हात लावला होता. कान कोमट होता. ती पुढे उभी राहिली, आणि आता हौदापाशी दुसऱ्या कोणाला आधी पाणी पिऊ देत नाही.

जखमेत किडे पडलेले असतील तर आबा सीताफळाचा पाला वाटून आणतात, डॉक्टर टर्पेंटाईन वापरतात. या दोघांत कधी वाद होत नाही. एकाने किडे बाहेर काढायचे, दुसऱ्याने जखम बांधायची.

शहरातल्या रस्त्यांवरून येणाऱ्या गाईंना बाहेरून काही झालेलं दिसत नाही. पोट मोठं, पाठ सुकलेली. लोक विचारतात, गाभण आहे का? पोटात प्लॅस्टिक असतं. गाईला वरचे पुढचे दात नसतात. ती जिभेने घास ओढते आणि चावायचं काम नंतरच्या रवंथीवर सोडते. आपण भाजीच्या देठांची, शिळ्या पोळीची पिशवी गाठ मारून टाकतो. ती गाठ सोडू शकत नाही, पिशवीसकट गिळते. पिशवी पहिल्या पोटातून पुढे सरकत नाही आणि रवंथीला वरही येत नाही. तिथेच साठते, एकमेकींत गुंतते, घट्ट होते. पोट भरलेलं असतं म्हणून भूक लागत नाही, आणि गाय भरल्या पोटी उपासमारीने मरते. राज्यात २०१८ साली पिशव्यांवर बंदी आली, तरी आमच्याकडे येणाऱ्या गाईंच्या पोटात पिशव्या असतातच. शस्त्रक्रिया उभ्या गाईवरच होते. डाव्या भकाळीला भूल देऊन, कातडं आणि पोट उघडून, डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून ते बाहेर ओढतात. एकेका गाईच्या पोटातून ३०-४० किलो प्लॅस्टिक निघाल्याच्या नोंदी देशभर आहेत. आमच्याकडच्या ढिगात दुधाच्या पिशव्या, दोर, नायलॉनची साडीची किनार आणि एकदा देवघरातलं निर्माल्य गाठ मारून ठेवलेली पिशवीही निघाली. खिळे आणि तारा जास्त धोक्याच्या. त्या दुसऱ्या पोटात अडकतात, आणि तिथून हृदय अगदी जवळ असतं.

मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर लग्नसराईची. जेवणावळ उरते आणि कोणीतरी भाविक माणूस ट्रॉलीत भात, बुंदी, पुऱ्या भरून आणतो. मनापासून आणतो, त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. गाईचं पोट चाऱ्यावर चालतं, त्यातल्या सूक्ष्मजीवांना चाऱ्याची सवय असते. एकदम इतकं शिजवलेलं धान्य आणि साखर गेली की पोटात आम्ल तयार होतं, पोट हलायचं थांबतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी गाय आंबट वासाची पातळ हगवण करते, झोकांड्या खाते, बसते. वेळेवर खायचा सोडा आणि सलाईन मिळालं तर वाचते. एका अमावास्येला आम्ही फाटकाशी नसताना कोणीतरी पुरणपोळ्या आणि खीर हौदात ओतून गेलं. हौदापाशी सगळ्यात आधी पोचल्या त्या सगळ्यात ताकदवान गाई, आणि त्यातली एक गेली. तेव्हापासून फाटकाला कुलूप असतं. लोक रागावतात. "गाईला घास द्यायला आलो, तर तुम्ही अडवता?" मी त्यांना कुट्टीचं घमेलं हातात देते आणि सांगते, हे भरवा. काहीजण भरवतात. काहीजण पोळी भिंतीवरून आत टाकून जातात, आणि मग आबांना पळावं लागतं.

श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. वसुबारसेला मीही इथल्या गाय-वासराची पूजा करते, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाते, त्या दिवशी दूध घेत नाही. त्या दिवशी गोठ्यात बायका येतात, ओवाळतात, वासरांच्या कपाळाला कुंकू लावतात, आणि मला ते फार आवडतं. पण गाईला आई मानणाऱ्या माणसाला तिचं पोट कसं चालतं हे ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या आईला मधुमेह असेल तर तिच्यापुढे आपण बुंदीचं ताट ठेवतो का?

आता शेतकऱ्याबद्दल. गाय किंवा बैल विकणाऱ्याला कसाई म्हणून मोकळं होणारे लोक इथे येतात, आणि तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. सावद्याच्या किंवा वरखेडीच्या गुरांच्या बाजारात उभं राहून बघा. बैलाच्या कासऱ्याला धरून सकाळपासून उभा असलेला माणूस बघा. शेतात ट्रॅक्टर आला, पेरणी-वखरणी भाड्याने होते, आणि जोडी मात्र बाराही महिने खाते. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईंपुरता कायदा त्याआधीच होता, १९७६ चा. मी त्या बंदीच्या बाजूची आहे. तरी तिचा भार कोणी उचलला, हे डोळ्यांनी बघते. म्हाताऱ्या बैलाचे येणारे चार पैसे थांबले आणि त्याचा चारा शेतकऱ्याच्याच दावणीला राहिला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी असा माणूस अंधार पडल्यावर आमच्या फाटकाशी येतो, कारण दिवसा गावाने बघावं असं त्याला वाटत नाही. एकजण आला होता, बैलाच्या गळ्यातली घंटा काढून हातात घेतलेली. "चारा नही, पानी नही. काय करू मी?" एवढंच बोलला. बैलाचा खांदा मऊ होता, जुवाचा घट्टा जुना, त्यावर तेल चोळलेलं. ज्याने त्या खांद्याला तेल लावलं त्याला मी काय सुनावणार?

पोळ्याला तो आला. सोबत नातू, हातात झूल आणि हिंगूळ. श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी त्याने बैलाची खांदेमळणी केली, हळद-तूप लावून. आमच्याकडे कामाचे बैल नाहीत, सगळे निवृत्त, तरी त्या दिवशी सगळ्यांची शिंगं रंगतात. एकाचं एकच शिंग रंगवतो. दुसरं कॅन्सरने पोखरलं होतं, ते मुळापासून काढावं लागलं. देशी जनावरांत, विशेषतः बैलांत, शिंगाचा कॅन्सर बराच आढळतो. शिंग एका बाजूला कलायला लागलं, जनावर सारखं डोकं झटकायला लागलं, नाकपुडीतून रक्त आलं, तर थांबू नये. लवकर काढलं तर जनावर जगतं.

पैशांचं सांगायलाच हवं. ३०० ते ३५० किलोच्या गाईला दिवसाला तिच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे आठेक किलो कोरडा चारा लागतो. हिरवा द्यायचा तर त्यात पाणी असतं म्हणून कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईंना राज्यमाता-गोमाता घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर दिवशी ५० रुपये देण्याचं ठरवलं. गोशाळांना असा आधार मिळू लागला, याचा मला आनंद आहे. पण ५० रुपयांत आठ किलो चारा, ढेप, औषध, पाणी आणि माणसाची मजुरी बसत नाही. शिवाय तो देशी गाईंसाठी आहे. आमच्याकडे जर्सीच्या आणि होल्स्टीनच्या संकरित गाई आहेत, डेअरीवाल्यांनी आटल्यावर सोडलेल्या. त्यांना वशिंड नाही, पण भूक तेवढीच आहे, किंबहुना जास्त, आणि उन्हाळा त्यांना देशी गाईंपेक्षा कितीतरी जड जातो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की देशी गाय निंबाखाली रवंथ करत बसते आणि संकरित गाय तोंड उघडं टाकून धापा टाकते. त्यांच्या गोठ्यावर गोणपाटं बांधून ती दिवसभर ओली ठेवतो. कोणती गाय आपली आणि कोणती परकी, हा वाद मला त्या धापा ऐकताना सुचत नाही.

चाऱ्याच्या बाबतीत खानदेशने आम्हाला वाचवलं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघते. दादरचा कडबा गोड, गुरं आवडीने खातात. तेव्हाच वर्षाचा साठा करून ठेवावा लागतो, मे-जूनमध्ये भाव हाताबाहेर जातो. आणि केळी. घड कापून नेला की खांब शेतकऱ्याला अडचणच होतात. बरेच जण ते आम्हाला फुकट देतात. उन्हाळ्यात ओला चारा म्हणून ते मोलाचे, पण खांबात बहुतेक पाणीच असतं. नुसत्या खांबांवर गाय ठेवली तर शेण पातळ होतं आणि पाठ उतरते. कुट्टी करून, कडब्यात मिसळून, वरून थोडी सरकी ढेप आणि मिठाचं पाणी, असं द्यावं लागतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या ज्वारीपासून गुरं लांब ठेवतो. कोवळ्या धाटात सायनाइड तयार होतं, आणि तासाभरात जनावर जातं.

२०२२ सालच्या लम्पीच्या साथीत राज्यातला पहिला रुग्ण आमच्याच जिल्ह्यात सापडला, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, ऑगस्टमध्ये. त्या पावसाळ्यात आम्ही शेजारच्या गोठ्यातही गेलो नाही. हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. लस होती ती शेळ्यांच्या देवीची, तीच गुरांना दिली. अंगभर गाठी, पायांना सूज, मग गाठी फुटून जखमा. रोज संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करायचो, गोठ्याला मच्छरदाणीची जाळी लावली होती, बाधित जनावरांचं पाणी, घमेली, माणूस, सगळं वेगळं. वासरं सगळ्यात जास्त गेली. त्यांच्यासाठी खोल खड्डे खणले, चुना आणि मीठ टाकून पुरलं. माणसाला हा आजार होत नाही हे वारंवार सांगूनही गावातून दूध ओतून दिलं जात होतं, आणि त्याने दुधावर जगणाऱ्या घरांचे हाल झाले.

दुधाचं विचारतात म्हणून लिहिते. काही गाई गाभण अवस्थेत येतात आणि इथे वितात. चीक आणि दूध सगळं वासराचं. संकरित गाईला वासराला पुरून उरेल इतकं दूध असतं. ते काढलं नाही तर कास दगडासारखी होते, सडांतून पू येतो. म्हणून तेवढं काढतो आणि आई नसलेल्या वासरांना पाजतो. नर-मादी एकत्र राहतात, म्हणून गोऱ्ह्यांचं खच्चीकरण करून घेतो. त्यावर एकदा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बरंच सुनावलं. पण इथे जन्मलेलं प्रत्येक वासरू म्हणजे बाहेर रस्त्यावर असलेल्या एका गाईची जागा गेली.

म्हातारपणी मरणाऱ्या गाईही असतात, आणि त्यांच्या शेवटच्या महिन्यांत दुखणं कमी करणं एवढंच हातात असतं. आमचे डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात. डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ सालापासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी व्हायच्या आणि काही वर्षांत देशातली बहुतेक गिधाडं संपली. आबांनी लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफडीवर, म्हणजे मेलेली गुरं टाकायच्या जागेवर, गिधाडांचे थवे उतरताना पाहिले आहेत. मी इथे एकही पाहिलेलं नाही.

गाय आणून सोडण्यासाठी फोन येतात. मी लगेच हो म्हणत नाही, आणि त्याचा लोकांना राग येतो. किती वर्षांची आहे, कानात पिवळा बिल्ला आहे का, लस कधी दिली, काय खाते, कोणासोबत राहत होती, हे विचारते. शेवटचा प्रश्न ऐकून माणसं बुचकळ्यात पडतात. गाईंच्या जोड्या असतात. एकमेकींची मान चाटतात, एकत्र बसतात, एकीला वेगळी बांधली तर दुसरी खाणं सोडते. शक्य असेल तर दोघींना आणा असं मी म्हणते आणि पुढच्या वर्षाचा कडबा मनात मोजते.

यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या, उन्हात जनावरांना त्रास होतो. शिजवलेलं काही आणू नका. जुनी गोणपाटं, चादरी, सुती साड्या आणा, बसलेल्या गाईखाली लागतात. केळीचे खांब पाठवणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मशीनवर माणूस ठेवता येईल. कापून टाकलेले खांब उन्हात दोन दिवस राहिले की आंबतात, मग ते गुरांना घालता येत नाहीत.